नोकरी सोडून ३३व्या वर्षी एमसीएला बसावं का?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी छत्रपती संभाजीनगरला राहते. वाळूजला एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये नोकरी. शिक्षण बी.एस्सी. रसायनशास्त्र, वय ३३. नवरा शेंद्र्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, मुलगी दुसरीत. मला हातात महिना ३८ हजार येतात. काम आवडतं, पण वर सरकायला जागा नाही. पुढची खुर्ची सेक्शन हेडची आणि त्या खुर्चीतले साहेब माझ्याहून चारच वर्षांनी मोठे. त्यात दर महिन्याला शिफ्ट बदलते.

माझा धाकटा भाऊ पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, ताई, एमसीए आता दोनच वर्षांचं झालंय, सीईटी दे, पुण्यात ये, दोन वर्षांत डेव्हलपर होशील. सासूबाई म्हणाल्या, मुलीचं मी बघते, तू शिकून घे. नवऱ्याची ना नाही, पण दोन वर्षं एका पगारात घर, गाडीचा हप्ता आणि पुण्याचं भाडं कसं बसवायचं हा हिशोब तो रोज रात्री कागदावर मांडतो आणि तो काही बसत नाही. शिलकीत चारेक लाख आहेत.

मला कॉम्प्युटरची भीती नाही. लॅबमध्ये एचपीएलसीचं (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं क्रोमॅटोग्राफीचं यंत्र) सॉफ्टवेअर अडलं की सगळे मलाच हाक मारतात. पण कोड कधी लिहिलेला नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ शिकावं, की नोकरी सांभाळून काही करता येईल? ज्यांनी तिशीनंतर हा मार्ग धरलाय त्यांनी कृपया खरंखुरं सांगा, गोड बोलू नका.

गोदाकाठ
पहिला प्रश्न: बारावीला गणित होतं का? एमसीएला पदवी कुठलीही चालते, पण बारावीला किंवा पदवीला गणित होतं का ते बघतात, नियम यंदाच्या माहितीपत्रकात तपासा. खुल्या गटाला ५० टक्के, राखीवला ४५. कॉम्प्युटरची पदवी नसेल तर वर ब्रिज कोर्सही करावा लागतो. आधी हे बघा, मग बाकीचं.

चाफेकळी
@गोदाकाठ, होतं. बारावीला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेतले होते, बाबांचा आग्रह होता. बी.एस्सी.ला ६१ टक्के.

भाकरवडी
बाबांना माझा नमस्कार सांगा! या धाग्यावरचा पहिला पेपर त्यांनीच सोडवून दिला.

सह्यकडा
मी २०१२ साली सी-डॅक या सरकारी संस्थेचा सॉफ्टवेअरचा पदव्युत्तर डिप्लोमा, म्हणजे पीजी-डॅक, केला, तो अनुभव लिहितो.

मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग बी.ई., मग चाकणला प्रेस शॉपमध्ये नोकरी. तिथून बाहेर पडलो आणि पीजी-डॅकला गेलो. सहा महिन्यांचा कोर्स. सकाळी लेक्चर, दुपारपासून लॅब, रात्री रूमवर असाइनमेंट. सी++, जावा, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, वेब हे एकामागोमाग एक येतात आणि एक विषय पचायच्या आत त्याची परीक्षा होऊन दुसरा सुरू झालेला असतो. ज्याने आधी कधी प्रोग्रॅम लिहिला नाही त्याचे पहिले दोन महिने फार वाईट जातात. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पॉइंटर घेऊन बसायचो. पण सोबतची पोरं तशीच बसलेली असायची, त्यामुळे निभावलं. शेवटी कॅम्पसला कंपन्या येतात, तिथे नोकरी लागली आणि आज मी गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहितो.

चाफेकळीताई, तुम्हाला मात्र हा दरवाजा थेट उघडत नाही. पीजी-डॅकला इंजिनिअरिंग, एमसीए, किंवा ठरावीक विषयांतलं एम.एस्सी. लागतं. नुसत्या बी.एस्सी. रसायनशास्त्रावर पात्रता बसत नाही. कुणी क्लासवाला 'सी-कॅटची (सी-डॅकच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करून देतो' म्हणून पैसे मागायला लागला तर आधी माहितीपत्रक उघडून त्याच्यासमोर ठेवा.

माझ्या गोष्टीतला एक धागा मात्र तुमच्या कामाचा आहे. मला एम्बेडेडमध्ये घेतलं ते कोडिंग फार येत होतं म्हणून नाही. मुलाखत घेणाऱ्याने ब्रेकवर प्रश्न विचारला. मी प्रेस शॉपच्या आधी दुचाकीच्या ब्रेक असेंब्लीवर काम केलं होतं, त्यामुळे त्या विषयावर अर्धा तास बोलत राहिलो. गाडी कळणारा माणूस त्यांना हवा होता, सी भाषा तर ते शिकवणारच होते.

रानवाटा
+१. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचावा.

तुळशीवृंदावन
मी उलट बाजूने लिहिते, कारण इथे सगळे 'नोकरी सोडू नका'च म्हणणार असं दिसतंय.

मी ३५व्या वर्षी पूर्णवेळ एमसीएला बसले. त्या आधी नगरला शाळेत विज्ञान शिकवत होते, विनाअनुदानित तुकडीवर, पगार सांगण्यासारखा नव्हता. वर्गात मी सगळ्यांत मोठी, काही मुलं पहिल्या आठवड्यात मला मॅडम समजून उठून उभी राहायची. पण मला त्या दोन वर्षांनी जे दिलं ते रात्री जागून बघितलेल्या व्हिडिओंनी दिलं नसतं. डेटा स्ट्रक्चर शिकताना अडलं की शेजारी बसलेली मुलगी कागदावर झाड काढून दाखवायची. प्रोजेक्ट चौघांनी मिळून केला, गिट (कोडमधले बदल सांभाळायचं साधन) तिथे शिकले. दुसऱ्याचा कोड वाचायची सवय तिथेच लागली, आणि नोकरीत दिवसभर तेच तर करावं लागतं.

नोकरी सांभाळून शिकणारे बहुतेक जण तिसऱ्या महिन्यात गळतात. घर, मूल, शिफ्ट यांतून बाईला दिवसाला तासभर मिळणं म्हणजे काय असतं ते पुरुष सभासदांनी जरा समजून घ्यावं. सासूबाई स्वतःहून 'मी बघते' म्हणताहेत ही फार मोठी गोष्ट आहे. असा पाठिंबा दर वेळी मिळत नसतो.

गोदाकाठ
@तुळशीवृंदावन, तुमचा अनुभव मोलाचा आहे. पण एक विचारतो: नोकरी कॅम्पसमधून लागली का?

तुळशीवृंदावन
नाही. कॅम्पसला आलेल्या मोठ्या कंपन्यांच्या फॉर्मवरच मी अडले. शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड चालणार नाही, अशी अट होती. एका ठिकाणी वयाचीही होती. टीपीओ (कॉलेजात प्लेसमेंट बघणारे) सर म्हणाले, मॅडम, माझ्या हातात काही नाही. मग एका ज्युनिअरच्या ओळखीने छोट्या कंपनीत टेस्टिंगला लागले. शाळांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी होती, निकालपत्रक कसं बनतं हे तिथल्या कुणालाही माझ्याइतकं माहीत नव्हतं. आता त्याच कंपनीत टेस्ट लीड आहे.

सह्यकडा
म्हणजे तुम्हालाही शेवटी शाळेनेच नोकरी दिली!

तुळशीवृंदावन
@सह्यकडा, ते खरं. पण एमसीए नसतं तर माझा बायोडेटा त्या टेबलापर्यंत पोचलाच नसता, हेही तितकंच खरं.

गोदाकाठ
हीच गोष्ट मला मांडायची होती. मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे, मुलाखती घेतो. एमसीए केलं की कॅम्पस आणि कॅम्पस झालं की नोकरी, हे गणित बावीस वर्षांच्या मुलासाठी मांडलेलं आहे. चाफेकळींच्या भावाने स्वतःच्या वयाचा हिशोब बहिणीला लावलाय. बारा-तेरा वर्षांच्या खंडानंतर तो लागू पडत नाही. दुसरं, काळही सोपा नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो, तिन्ही कंपन्यांतली माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. नवख्यांकडून जी बारीकसारीक कामं करून घेत असू, त्यातली बरीच आता एआयच्या मदतीने अनुभवी माणूस एकटा उरकतो. मी माझ्या टीममध्ये हे रोज बघतोय.

म्हणून आधी कोर्स ठरवू नका. आधी कुठल्या नोकरीत बसायचंय ते ठरवा आणि मग त्या नोकरीच्या जाहिराती काढून त्यात काय मागतात ते बघा.

भाकरवडी
अजून कुणी 'आमच्या वेळी' म्हटलं नाही म्हणून मीच सुरू करतो. आमच्या वेळी, म्हणजे १९९८ ला, वायटूकेच्या (२००० साल उजाडलं की कॉम्प्युटरच्या तारखा गडबडतील या भीतीच्या) नावाने कोबोल ही जुनी भाषा शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या पुण्यात जागोजागी होत्या. माझा मामेभाऊ बी.ए. इतिहास, कोबोल शिकून थेट अमेरिकेला गेला. घरात महिनाभर पेढे चालू होते. मग २००१ आलं, डॉटकॉमचा फुगा फुटला आणि तोच मामेभाऊ परत येऊन घरी बसला. पुढे तो बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि अजून तिथेच आहे. कोबोल बँकांत अजून चालतं म्हणे.

नागझिरी
चालतं म्हणे काय, धो-धो चालतं. मी मेनफ्रेमवर आहे. आमच्याकडे जाणती माणसं निवृत्त होताहेत आणि तरुणांना इकडे यायचं नाही.

भाकरवडी
@नागझिरी, मामेभावाला सांगतो, खूश होईल. तो आहे अजून चार वर्षं.

दूरदेशी
न्यू जर्सीहून लिहितेय. मी एम.कॉम., लग्नानंतर एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर आले. काम करायची परवानगी नव्हती, पण शिकायला त्या व्हिसावर हरकत नसते. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात डेटाबेसचा एकेक विषय घेत गेले. २०१५ मध्ये एच-४ ईएडी (काम करायचा परवाना) सुरू झालं, नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर होतं, त्यामुळे मला अर्ज करता आला. पहिली नोकरी एका हिशोबनीसाच्या फर्ममध्ये एसक्यूएलचे (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) रिपोर्ट काढायची. तिथे माझं कॉमर्स कामाला आलं. डेबिट-क्रेडिट कळणारी आणि क्वेरी लिहिता येणारी अशी त्या ऑफिसात मी एकटीच होते. नंतर जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स केलं. ते २०१४ पासून आहे आणि सगळी मिळून फी सात हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे इथल्या मानाने किरकोळ. पण ते नोकरी लागल्यावर केलं. आधी केलं असतं तर अर्धं डोक्यावरून गेलं असतं.

इथे लोक मला विचारतात की डिग्री हवीच का. एवढंच सांगते की मला पहिली नोकरी एसक्यूएलने दिली आणि दुसरी डिग्रीने.

पंचगंगा
मी कोल्हापूरला बँकेत आहे आणि आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी करतोय, त्याबद्दल लिहितो. त्यावर अर्धवट माहिती फार फिरते.

२०२० साली सुरू झालेला कोर्स. जेईई लागत नाही. बारावी पास आणि दहावीला गणित-इंग्रजी असलं की अर्ज करता येतो, वयाची अट नाही. आधी चार आठवड्यांचा पात्रता टप्पा असतो: गणित, संख्याशास्त्र, कॉम्प्युटेशनल थिंकिंग आणि इंग्रजी. त्यांनीच शिकवायचं आणि त्यावरच त्यांनी परीक्षा घ्यायची. ती पास झालात की फाउंडेशन, मग डिप्लोमा, मग बी.एस्सी., मग बी.एस. कुठल्याही टप्प्यावर थांबलात तरी तोवरचं प्रमाणपत्र मिळतं. जानेवारी, मे आणि सप्टेंबरला टर्म सुरू होते. मी केलं तेव्हा फाउंडेशनच्या आठ विषयांना मिळून ३२ हजार लागले.

व्हिडिओ घरी, पण क्विझ आणि टर्मची परीक्षा केंद्रावर जाऊन. दर आठवड्याची असाइनमेंट ठरल्या वेळेला बंद होते, मग बँकेत मार्चअखेर असो की घरात लग्न असो. एका टर्मला चार विषय घ्यायच्या फंदात पडू नये. नोकरीवाल्याने दोन घ्यावेत, गणित आणि प्रोग्रॅमिंग एकत्र आले तर तेवढंच पुरे.

याने नोकरी मिळेल का हा प्रश्न वेगळा. पण 'मला हे जमतंय का, आवडतंय का' याचं उत्तर चार आठवड्यांत मिळतं, आणि तेही राजीनामा न देता. पूर्णवेळ एमसीएत ते उत्तर पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी मिळतं.

कवडसा
माझं बारावीला गणित नव्हतं, पीसीबी केलं होतं. एमसीए, इग्नूचं एमसीए, सगळीकडे तिथेच अडत होते. @पंचगंगा, दहावीचं गणित चालतं हे वाचून फार बरं वाटलं. धन्यवाद.

रानवाटा
@चाफेकळी, तुम्ही एचपीएलसी म्हणालात तेव्हापासून लिहायचं होतं, आज वेळ मिळाला. मोठा प्रतिसाद आहे, सावकाश वाचा.

मी गोव्यात आहे, वेर्ण्याच्या वसाहतीत. दहा वर्षांपूर्वी तुम्ही आज जिथे आहात तिथेच होतो: क्यूसी, एम.एस्सी. ऑरगॅनिक, शिफ्ट. आज मी सीएसव्हीमध्ये आहे, म्हणजे कॉम्प्युटर सिस्टिम व्हॅलिडेशन. औषध कंपनीत जे जे सॉफ्टवेअर चालतं, तुमचं क्रोमॅटोग्राफीचं, लिम्स (लॅबच्या नोंदींचं), वेअरहाउसचं, बॅच रेकॉर्डचं, ते सांगितलं तसं चालतं आणि त्यात कुणाला गुपचूप फेरफार करता येत नाही, हे लेखी सिद्ध करायचं काम. अमेरिकेचा २१ सीएफआर पार्ट ११ हा इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचा नियम १९९७ चा. गेल्या दहा-बारा वर्षांत यूएसएफडीएने (अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने) डेटा इंटिग्रिटीवरून, म्हणजे नोंदींच्या खरेपणावरून, आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांना वॉर्निंग लेटर दिली, तेव्हापासून या कामाला माणसं लागतातच.

रोजचं काम कसं असतं ते सांगतो. समजा लॅबमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं. आधी वापरणाऱ्यांना काय हवंय ते कलमवार लिहायचं, त्याला यूआरएस म्हणतात. मग प्रत्येक कलमाला एक टेस्ट. उदाहरणार्थ, 'चुकीचा पासवर्ड तीनदा टाकला तर खातं बंद झालं पाहिजे.' मग मी खरोखर तीनदा चुकीचा पासवर्ड टाकतो, स्क्रीनशॉट घेतो, अपेक्षित काय होतं, झालं काय, खाली सही, तारीख. पुढची टेस्ट: अ‍ॅनालिस्टने पीक (आलेखातला उंचवटा) हाताने इंटिग्रेट केला, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ स्वतः सीमा आखून मोजलं, तर सॉफ्टवेअर कारण विचारतं का, आणि जुना निकाल ऑडिट ट्रेलमध्ये (बदलांच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) राहतो का. आता सांगा, हाताने इंटिग्रेशन का करतात, कधी ते रास्त असतं आणि कधी त्यात काळंबेरं असतं, हे आयटीतल्या बावीस वर्षांच्या मुलाला कसं कळणार? तुम्हाला बेसलाइन बघूनच कळतं.

ही नोकरी मिळायला एमसीए लागत नाही. जीएएमपी ५ (या कामाची मार्गदर्शिका) वाचावं लागतं, २०२२ ला त्याची दुसरी आवृत्ती आली. पार्ट ११ आणि युरोपचं अनेक्स ११ तोंडपाठ हवं. वर एसक्यूएल येत असेल तर लिम्समधला डेटा स्वतः तपासता येतो, मग तुम्ही इतरांच्या पुढे जाता. पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या सल्लागार कंपन्या अशी माणसं घेतात. काम पुष्कळसं दिवसपाळीचं. प्रोजेक्ट सुरू होताना मात्र प्रवास आणि रात्री जागणं असतं, ते लपवत नाही.

आणखी एक वाट म्हणजे क्लिनिकल सॅस प्रोग्रॅमिंग. औषधांच्या चाचण्यांचा डेटा ठरावीक साच्यात बसवायचा, तक्ते काढायचे. ते खरोखरीचं प्रोग्रॅमिंग आहे आणि त्यात विज्ञान पदवीधर पुष्कळ आहेत. पण पहिली नोकरी मिळवणं अवघड, आणि त्या नावाने चालणाऱ्या क्लासेसपासून चार हात लांब राहा.

तुळशीवृंदावन
@रानवाटा, सुंदर प्रतिसाद. माझं मत थोडं बदलतेय. मला अशी शेजारची खोली नव्हती, शाळेतून बाहेर पडायला डिग्रीच लागली. चाफेकळीला ती खोली आहे.

जिजीविषा
क्लासेसचा विषय निघालाय तर हे वाचाच. माझ्या चुलत बहिणीने पुण्यात एका क्लासला पाऊण लाख भरले, 'शंभर टक्के जॉब गॅरंटी'. शिकवलं बरं. पण शेवटच्या महिन्यात त्यांनी सांगितलं की बायोडेटात तीन वर्षांचा अनुभव लिहायचा, कंपनीचं पत्र आम्ही देतो. तिने नकार दिला तर म्हणाले, मग गॅरंटी आम्हाला लागू नाही. तिच्या बॅचमधल्या एकाने तसं पत्र लावलं आणि नोकरी लागली. पार्श्वभूमी तपासणीत त्याचं पीएफचं यूएएन (खात्याचा क्रमांक) बघितलं, तिथे त्या कंपनीचं नावनिशाणही नाही. रुजू होऊन दोन महिने झाले होते, त्याच दिवशी काढला.

कुणी कितीही समजावू दे, खोटा अनुभव लावू नका. ज्यांची खरी दहा वर्षांची नोकरी आहे त्यांनी तर अजिबातच नाही, त्या खऱ्या वर्षांवरही शंका येते.

नागझिरी
अनुमोदन. आमच्याकडे हे दर तिमाहीला घडतं आणि प्रत्येक वेळी त्या पोराकडे बघवत नाही.

चाफेकळी
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

@रानवाटा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. गंमत म्हणजे आमच्याकडे मागच्या वर्षी नवं क्रोमॅटोग्राफी सॉफ्टवेअर आलं तेव्हा बाहेरून दोघे जण तपासायला आले होते, आणि त्यांच्या टेस्ट मशीनवर चालवून द्यायला मलाच बसवलं होतं. त्या कामाला नाव आहे आणि त्याचा पगार मिळतो हे मला माहीतच नव्हतं!

@पंचगंगा, तुम्ही म्हणालात ना, जमतंय का ते आधी बघा, म्हणून फुकटचे व्हिडिओ बघत पायथन सुरू केलं. रोज मुलगी झोपल्यावर तासभर. स्वतःच्या कामातलंच काहीतरी करावं म्हणून सिस्टिम सूटॅबिलिटीचा (यंत्र मोजायला ठीक आहे ना, याचा) हिशोब घेतला: यंत्रात एकच नमुना सहादा सोडून आलेले पीकचे एरिया, त्यांचा आरएसडी (सरासरीच्या मानाने आकड्यांतला फरक) २.० टक्क्यांच्या आत हवा. एक्सेलमध्ये काढला तर ०.४६ येतो आणि पायथनमध्ये ०.४२. आकडे तेच, सरासरी तीच, उत्तर वेगळं. दोन रात्री झोप आली नाही.

सह्यकडा
नमपाय (पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज) वापरलंत का? np.std?

पंचगंगा
एक्सेलमधलं STDEV हे n-1 ने भागतं, नमपाय आपणहून n ने भागतं. ddof=1 द्या, जुळेल.

चाफेकळी
जुळलं!! ०.४६!!! काल रात्री साडेअकराला एकटीच टाळ्या वाजवत होते. सहाच्या जागी पाचने भागायचं, एवढाच फरक. फार्माकोपियात (औषधांच्या प्रमाणग्रंथात) आम्ही वर्षानुवर्षं हे सूत्र बघतो, पण छेदात n-1 का, हे कधी विचारलंच नव्हतं. आता संख्याशास्त्राचं ते प्रकरण शोधून वाचतेय.

गोदाकाठ
चाफेकळीताई, मी मुलाखतीत उमेदवाराकडे हेच शोधतो. दोन उत्तरं वेगळी आली आणि तुम्हाला झोप आली नाही. पुष्कळ जण सोयीचं उत्तर घेऊन पुढे गेले असते.

एक सूचना मात्र काळजीने देतो. कंपनीतला खरा डेटा घरच्या लॅपटॉपवर आणू नका, सरावासाठी आकडे मनाने तयार करा.

चाफेकळी
हो हो, आकडे मनाचेच आहेत. आमच्याकडे पेनड्राइव्ह गेटच्या आत येत नाही.

भाकरवडी
मला यातलं n-1 पर्यंतच कळलं, पण टाळ्या मीही वाजवल्या.

कवडसा
मीही आजपासून पायथन सुरू करतेय. अडलं की इथेच विचारीन.

तुळशीवृंदावन
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? पैशांचा हिशोब कुणी मांडलाच नाही. महिना ३८ हजार म्हणजे दोन वर्षांत नऊ लाख बारा हजार पगार बुडाला. त्यावर खाजगी कॉलेजची फी, ती शुल्क नियामक प्राधिकरण ठरवत असलं तरी लाखातच जाते. त्यावर पुण्याचं भाडं, खाणं. चार लाखांच्या शिलकीत हे बसत नाही, कर्ज काढावं लागेल. मी कर्ज काढलं होतं आणि फेडलंही, पण माझा बुडणारा पगार तुमच्या चौथाईही नव्हता. मी पूर्णवेळ शिकले त्याचा मला आनंद आहे. तरीही तुमच्या जागी मी असते तर आत्ता राजीनामा दिला नसता.

डिग्री पुढे कधी हवीशी वाटली तर नोकरी करत इग्नूचं एमसीए आहेच. तुमचं बारावीचं गणित तिथेही चालेल.

सह्यकडा
सहमत. फक्त कधीच सोडू नका असं नाही. सीएसव्ही किंवा तत्सम जागेवर पोचून दोन वर्षं झाली आणि तरी कोडच लिहावासा वाटला, तर तेव्हा सोडा. तेव्हा तुमचा बायोडेटा वेगळा असेल.

रानवाटा
@चाफेकळी, तुमच्या कंपनीत क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) सीएसव्हीचं काम कोण बघतं ते शोधा. एखादा तरी असतोच. पुढचं नवं उपकरण येईल तेव्हा त्याचं यूआरएस लिहायला मी बसू का, म्हणून विचारा. कुणी नाही म्हणणार नाही, कारण ते लिहायचा सगळ्यांना कंटाळा असतो. एकदा त्या कागदावर 'तयार करणारी' म्हणून तुमची सही आली की तो तुमचा अनुभव झाला, आणि तो शंभर टक्के खरा.

चाफेकळी
विचारलं. क्यूएच्या मॅडम म्हणाल्या, आधी का नाही बोललीस? पुढच्या महिन्यात एक डिसोल्यूशन टेस्टर (गोळीतलं औषध किती विरघळतं ते मोजणारं यंत्र) आणि त्याचं सॉफ्टवेअर येतंय, त्याच्या यूआरएसचा पहिला मसुदा मी करायचाय.

यंदा एमसीए सीईटीचा फॉर्म भरत नाहीये. आयआयटी मद्रासच्या पात्रता टप्प्याला सप्टेंबरच्या टर्मसाठी बसणार आहे, दोनच विषय घेत पुढे जाईन. भावाला सांगितलं. तो जरा खट्टू झाला, पण एसक्यूएल मी शिकवतो म्हणाला, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर. नवऱ्याने हिशोबाचा कागद फाडून टाकला.

@पंचगंगा, संभाजीनगरला परीक्षेचं केंद्र असतं का हो? की पुण्याला जावं लागेल?

पंचगंगा
केंद्रांची यादी प्रत्येक टर्मला नव्याने येते, फॉर्म भरताना आपल्या पसंतीचं शहर निवडता येतं. यादी आली की आधी तीच बघा. आणि परीक्षेच्या रविवारी शिफ्ट येणार नाही हे आत्ताच साहेबांना सांगून ठेवा.

रानवाटा
यूआरएसचा मसुदा झाला की कंपनीचं नाव, उपकरणाचं नाव काढून एखादं कलम इथे टाका. 'सॉफ्टवेअर वापरायला सोपं असावं' असं कलम लिहू नका, त्याची टेस्ट कशी करणार? जे तपासता येईल तेच लिहायचं.

चाफेकळी
@रानवाटा, अगदी हेच वाक्य पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं! काढते. त्या जागी असं चालेल का: 'दहा मिनिटं वापर नसल्यास स्क्रीन आपोआप लॉक व्हावी आणि पुन्हा उघडताना पासवर्ड विचारावा'?

रानवाटा
चालेल. दहाच मिनिटं का, हे आत कुणीतरी विचारेल, तुमच्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) काय लिहिलंय ते आधी बघून ठेवा. पुढचं कलम टाका.